लडलमची मंडळी: नट, नाटककार आणि मालक एकच असतो तेव्हा

चार्ल्स लडलम नाटक लिहायचा, बसवायचा, त्यात मुख्य काम करायचा आणि वर मंडळीही चालवायचा. न्यूयॉर्कमध्ये १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं त्यानं ही चारही कामं एकाच वेळी ओढली, २९ नाटकं लिहिली आणि ४४ व्या वर्षी तो गेला. मंडळीचं नाव रिडिक्युलस थिएट्रिकल कंपनी. तिथे चालायचं ते कॅम्प विडंबन, म्हणजे भडक, नटवं, जाणूनबुजून अतिरेकी नाटक. जुने मेलोड्रामा, ऑपेरा, हॉलिवूडचे तद्दन सिनेमे, शेक्सपिअर, मोलिएर या सगळ्यांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले, पुरुष बायकांच्या भूमिकांत, आणि भावना शिगेला पोचलेली असतानाच फुटणारा हशा.

अशा नाटकाकडे लोक बहुधा चार घटका करमणूक म्हणून बघतात. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते एका प्रश्नासाठी. लिहिणारा, बसवणारा, उभा राहणारा आणि हिशेब बघणारा एकच असेल, तर त्याच्याबरोबर काय जातं आणि मागे काय उरतं? मराठी रंगभूमीनं हे जवळून पाहिलं आहे. आपल्या कितीतरी नाटक मंडळ्या एका नटाच्या जिवावर उभ्या राहिल्या आणि त्याच्याबरोबर बसल्या. लडलमची मंडळीही शेवटी बसली. पण त्याचं एक नाटक त्याच्यानंतर जगभर फिरलं, आणि ते नशिबानं घडलं असं मला वाटत नाही. त्याची कारणं त्याच्या कामातच सापडतात.

जत्रेतला मुलगा

लडलमचा जन्म १९४३ चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या फ्लोरल पार्कचा. लहानपणी मिनिओलाच्या जत्रेत तो आईपासून चुकला आणि पंच अँड जुडीच्या कळसूत्री खेळासमोर जाऊन उभा राहिला, ही आठवण तो पुढे नेहमी सांगायचा. ती नुसती सांगण्यापुरती राहिली नाही. मोठेपणी त्यानं स्वतः पंच अँड जुडीचा खेळ केला, सगळ्या बाहुल्या स्वतः चालवल्या, सगळे आवाज स्वतः काढले. एका माणसाच्या दोन हातांत अख्खं नाटक मावतं, हे त्याच्या अंगात फार आधीपासून भिनलेलं होतं.

सतराव्या वर्षी त्यानं नॉर्थपोर्टमध्ये मित्रांना जमवून स्वतःचा नाट्यसंच काढला. मग हॉफ्स्ट्रा विद्यापीठात नाट्यवाङ्मयाचं शिक्षण, १९६४ मध्ये पदवी. तिथल्या शिक्षकांना त्याचा अभिनय फार भडक वाटे. वास्तववादी अभिनयाचा तो काळ. आवाज आतल्या आत, हातवारे कमी, भावना डोळ्यांत. लडलमचं शरीर त्या साच्यात बसत नव्हतं. त्याला लिहिण्याकडे, बसवण्याकडे वळवण्यात आलं आणि ते त्यानं मनावर घेतलं. पण अभिनय सोडला नाही. ज्या अतिरेकाला शिक्षक दोष म्हणत होते, त्यालाच शोभेल अशी रंगभूमी आता त्याला हवी होती.

ती १९६६ च्या सुमारास जॉन व्हॅकारो यांच्या प्लेहाउस ऑफ द रिडिक्युलसमध्ये भेटली. नाटककार रोनाल्ड टॅव्हेल तेव्हा तिथे होते. त्यांच्या एका नाटकात लडलम पहिल्यांदा स्त्रीवेशात उभा राहिला: उतरणीला लागलेली मूकपटांची नटी नॉर्मा डेसमंड. पुढच्याच वर्षी फाटाफूट झाली. लडलमनं लिहिलेलं 'काँक्वेस्ट ऑफ द युनिव्हर्स' व्हॅकारो बसवत होते आणि तालमी चालू असतानाच त्यांनी लडलमला काढून टाकलं. त्याच्याबरोबर इतर नटही बाहेर पडले आणि त्यातून नवी मंडळी उभी राहिली. नाटकाचे हक्क व्हॅकारोंकडे असल्यामुळे लडलमला स्वतःचंच नाटक 'व्हेन क्वीन्स कोलाइड' अशा दुसऱ्या नावानं लावावं लागलं. मंडळी जन्माला आली ती अशी, भांडणातून. पहिले प्रयोग एका छोट्या सिनेमागृहात, रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर. प्रेक्षक मूठभर, नटांच्या हाती पैसा जवळजवळ नाहीच.

सुरुवातीची नाटकं लांबलचक, अस्ताव्यस्त होती. इकडून तिकडून उचललेली वाक्यं आणि प्रसंग त्यांत ठासून भरलेले. लडलमला लवकरच कळलं की नुसत्या गोंधळाचा कंटाळा येतो. १९७० च्या 'ब्लूबिअर्ड'पासून त्यानं कथानकाला हात घातला: वेडा शास्त्रज्ञ, दूरचं बेट, शरीरावरचे भयानक प्रयोग, आणि नेटकं रचलेलं तीन अंकी नाटक. एका समलिंगी बारच्या काउंटरवर फळ्या टाकून त्याचे प्रयोग झाले. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक मेल गसो यांनी ते पाहिलं, त्यावर लिहिलं आणि पुढे वर्षानुवर्षं या मंडळीकडे लक्ष ठेवलं.

गळ्याजवळचे केस

लडलमचं सगळं तंत्र एकाच ठिकाणी बघायचं असेल तर १९७३ मधलं 'कमिल' बघावं लागतं. अलेक्झांडर द्यूमा धाकटे यांची ही जुनी कथा. पॅरिसची गणिका मार्गरिट गोतिए, तिच्यावर जीव टाकणारा तरुण आर्माँ, घराण्याच्या अब्रूसाठी तिनं केलेला त्याग आणि क्षयानं आलेला मृत्यू. एकोणिसाव्या शतकात ती रंगभूमीवर गाजली, ऑपेरात गेली, १९३६ मध्ये ग्रेटा गार्बोनं पडद्यावर केली. लडलमच्या काळापर्यंत ती इतकी वापरून झाली होती की गंभीरपणे केली तर लोक हसतील, आणि थट्टेनं केली तर आत काहीच उरणार नाही.

लडलमनं मार्गरिट स्वतः केली. विग, दागिने, फुगीर घेराचा झगा, हातात पंखा. झग्याचा गळा मोठा होता आणि त्या गळ्यातून त्याच्या छातीचे केस सरळ दिसत होते. ते त्यानं मुद्दाम झाकले नाहीत. पहिल्या प्रवेशाला प्रेक्षक त्या केसांना हसायचे. पहिल्या अंकात मार्गरिटच्या खोकल्याला, कोट्यांना, नखऱ्यांना हसायचे. आणि शेवटच्या अंकात, थंड पडलेल्या खोलीत ती मरायला टेकायची तेव्हा त्याच थिएटरात रडू फुटायचं. केस तेव्हाही दिसतच असायचे.

मराठी वाचकाला इथे बालगंधर्व आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पण दोघांची वाट एक नाही. बालगंधर्वांच्या भामिनीत, रुक्मिणीत पुरुष दिसू नये यासाठी सगळी साधना होती, आणि ती इतकी सिद्ध झाली की बायकांनी त्यांच्याकडून लुगडं नेसण्याची ढब उचलली. लडलमनं पुरुष शेवटपर्यंत दिसत ठेवला. फसवणूक नाही हे पहिल्याच क्षणी सांगून टाकल्यावर प्रेक्षकाकडे संशयाला जागा उरत नाही, 'जमलंय की नाही' हे तपासणं संपतं, आणि मग तो त्या बाईच्या दुःखाकडे बघू लागतो. हा हिशेब लडलमनं स्वतः मांडलेला होता. तो बरोबर होता याची साक्ष त्या शेवटच्या अंकात रडणारे लोक देतात.

माझ्या मते विडंबन म्हणून जे काही केलं जातं त्यातला कळीचा भेद इथे आहे. बहुतेक विडंबन मूळ कलाकृतीपेक्षा स्वतःला शहाणं समजतं. लडलमचं विडंबन मूळ कलाकृतीवर प्रेम करत होतं आणि ती लाजिरवाणी वाटू लागली आहे, हेही त्याला माहीत होतं. हशानं तो ती लाज धुऊन काढायचा आणि मग मूळ भावना प्रेक्षकाच्या हाती परत द्यायचा. आपल्या जाहीरनाम्यात त्यानं म्हटलं आहे की माणूस हा त्याच्याच आदर्शांचं चालतंबोलतं विडंबन असतो, आणि तसं नसेल तर त्याचे आदर्शच तोकडे आहेत. हे वाचल्यावर 'कमिल'मधले ते केस वेगळेच दिसतात. आदर्श प्रेमिका आणि ती साकारू बघणारा केसाळ पुरुष यांच्यातलं अंतर प्रेक्षकासमोर उघडं ठेवलेलं आहे. ते अंतर प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं असतं.

तळघरातली दहा वर्षं

१९७८ मध्ये मंडळीला ग्रीनिच व्हिलेजमध्ये वन शेरिडन स्क्वेअर इथे कायमची जागा मिळाली. हे तळघर साधंसुधं नव्हे. तीसच्या दशकाच्या अखेरीस इथे कॅफे सोसायटी हा नाइटक्लब होता, जिथे गोरे आणि काळे प्रेक्षक शेजारी शेजारी बसायचे आणि जिथे बिली हॉलिडे गायची. लडलमच्या काळात तिथे सुमारे दीडशे खुर्च्यांचं नाट्यगृह होतं. रंगमंच अडनिडा, बाजूला जागा अपुरी. पण जागा आपली, तारखांसाठी कुणाचं तोंड बघायला नको.

मंडळी चालायची जुन्या फिरत्या पद्धतीनं. नवं नाटक लागलं तरी जुनी काढून टाकायची नाहीत, नट तेच, कपडे पुन्हा वापरायचे, गल्ला पडला की हमखास चालणारं काढायचं. सरकारी आणि खासगी अनुदानं मिळत, पण ती पुरेशी नसत. लडलम कुणाला काय साजेल ते डोळ्यांसमोर ठेवून लिहायचा. ब्लॅक-आइड सुझन, लोला पाशालिन्स्की, बिल व्हेअर, जॉन ब्रॉकमेयर ही मंडळीतली जुनी माणसं. त्यांच्या बोलण्याच्या लकबींवरच भूमिका बेतलेल्या असत. तालमीत वाक्यं बदलायची, प्रयोगागणिक भर पडायची. अशा नाटकाची अर्धी संहिता कागदावर असते आणि अर्धी नटांच्या अंगात. या गोष्टीची किंमत मंडळीला पुढे मोजावी लागली.

विषयांची झेप मात्र थक्क करणारी आहे. वाग्नरच्या चार ऑपेरांची मालिका त्यानं १९७७ मध्ये एका संध्याकाळीत बसवली. मोलिएरच्या नाटकावर १९८३ मध्ये आधुनिक कलेच्या नादी लागलेल्या पैसेवाल्याची गोष्ट बेतली. त्याच वर्षी 'गालास' आलं, ऑपेरा गायिका मारिया कॅलसच्या आयुष्यावरचं. त्यात गायिका स्वतः लडलम, आणि शेवट 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेरासारखा, हाराकिरीनं, म्हणजे जपानी पद्धतीच्या आत्महत्येनं. मंचावर आयुष्यभर मरत आलेल्या बाईला तिच्या तोलामोलाचा मृत्यू त्यानं दिला. १९८४ च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गला त्यानं इब्सेनची हेडा गाब्लर केली, आणि ते विडंबन नव्हतं, इब्सेनचंच नाटक होतं. लडलमला फक्त थट्टाच जमते असं म्हणणाऱ्यांसाठी ही भूमिका पुरेशी आहे. 'समलिंगी रंगभूमी' या चौकटीत आपल्याला बसवणं त्याला पसंत नव्हतं. तो आपलं आयुष्य कधी लपवत नव्हता, पण आपलं नाटक एका गटापुरतं आहे हे त्याला मान्य नव्हतं.

दोन नट, आठ पात्रं

याच १९८४ च्या शरद ऋतूत 'द मिस्टरी ऑफ इर्मा व्हेप' आलं. जुन्या मंडळीतले बरेच जण तोवर बाहेर पडले होते आणि मोठा ताफा घेऊन नाटक करणं जड जात होतं. लडलमनं फक्त दोघांसाठी लिहिलं: स्वतः आणि एव्हरेट क्विंटन, त्याचा जोडीदार. वेशभूषाही क्विंटनचीच.

गोष्ट इंग्लंडमधल्या मँडाक्रेस्ट नावाच्या वाड्यात घडते. पहिली बायको गूढ रीतीनं वारलेले लॉर्ड एडगर, त्यांची नवी बायको लेडी एनिड, जुनी मोलकरीण जेन, लाकडी पायाचा गडी निकोडेमस. मधेच इजिप्तमधलं थडगं आणि त्यातून उठणारी राजकन्या. शिवाय रक्तपिपासू, लांडगा होणारा माणूस, भिंतीवरचं तैलचित्र. लडलमकडे एनिड, निकोडेमस आणि इजिप्तचा वाटाड्या. क्विंटनकडे जेन आणि एडगर. आठ पात्रं, दोन तासांत तिसाहून जास्त वेळा कपडे बदलणं.

या नाटकाची रचना विंगेतून बघितली की समजते. गडी लाकडी पाय आपटत बाहेर जातो. मंचावर मोलकरीण चारपाच वाक्यं बोलते, मेणबत्ती हलवते, चित्राकडे बघून उसासा टाकते. तेवढ्यात विंगेत माणसं तयार असतात. एक जण कोट ओढून काढतो, दुसरा मागून उघडा असलेला झगा समोरून अंगात सारतो, विग बसतो, आणि दुसऱ्या दारातून लेडी एनिड श्वास न चढता चालत येते. मोलकरणीची ती वाक्यं गोष्ट पुढे नेतात, हशा मिळवतात आणि कपडे बदलायला हवा तेवढा वेळही मोजून देतात. एक शब्द कमी केला तर एनिड अर्धवट झग्यात येईल. एके ठिकाणी तर एक पात्र दारात अर्धं दिसतं, दुसरं आतून बोलतं, दोघांचा वाद होतो, आणि दोन्ही एकच नट असतो. प्रेक्षक गोष्टीत गुंततो आणि त्याच वेळी विंगेत काय चाललं असेल याची कल्पना करतो. 'कमिल'मध्ये छातीच्या केसांनी जे केलं तेच इथे कपडे बदलण्याच्या वेगानं होतं: बनावट उघडी ठेवायची आणि तरीही भीती वाटायला लावायची.

आधीच्या नाटकांपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. 'कमिल' चालतं ते मार्गरिट करणाऱ्या माणसावर, त्याच्या गळ्यावर, टायमिंगवर. 'इर्मा व्हेप'मध्ये युक्ती संहितेतच रोवलेली आहे. कोण कुठून जातो, किती वेळात परततो, कोणत्या आवाजात बोलतो हे सगळं पानावर आहे. मेहनती नटांची कुठलीही जोडी ते उचलू शकते. प्रयोगाचे हक्क देताना एक अट असते, दोन्ही नट एकाच लिंगाचे हवेत. म्हणजे कुणी सोयीस्करपणे एक पुरुष आणि एक बाई घेऊन त्यातला वेशांतराचा प्राण काढून टाकू शकत नाही.

१९८७ आणि नंतर

त्यानंतर लडलमकडे बाहेरचं जग आलं. सांता फेमध्ये ऑपेरा बसवला, 'द बिग इझी' या सिनेमात वकिलाचं काम केलं. १९८६ मध्ये झोलाच्या कथेवरून 'द आर्टिफिशियल जंगल' आलं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात घडणारं खुनाचं नाटक. जोसेफ पॅप यांच्या न्यूयॉर्क शेक्सपिअर फेस्टिव्हलसाठी तो उघड्या रंगमंचावर 'टायटस अँड्रोनिकस' बसवणार होता. १९८६ च्या अखेरीस एड्स असल्याचं कळलं. फार थोड्यांना ते माहीत होतं. तो कामच करत राहिला. एप्रिलच्या अखेरीस रुग्णालयात दाखल झाला आणि २८ मे १९८७ ला न्यूमोनियानं गेला. न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर छापली. बारच्या काउंटरवर फळ्या टाकून नाटक करणारा माणूस शहरानं किती आपला मानला होता, हे त्या पानावरून कळतं.

मंडळीचं काय झालं? क्विंटननं ती हातात घेतली, आणि त्याच्या हिमतीला दाद द्यायला हवी. ज्या माणसाबरोबर घर केलं, मंच वाटून घेतला, त्याच्या दुःखातून उठून त्यानं नवी नाटकं लावली, जुनी पुन्हा उभी केली. १९९० मध्ये 'कमिल' केलं आणि मार्गरिट स्वतः झाला. पण ज्यांच्या अंगात ती अर्धी संहिता होती ती माणसंही जात होती; बिल व्हेअर १९८८ मध्ये एड्सनं गेला. नव्वदीच्या मध्यावर शेरिडन स्क्वेअरची जागा सुटली आणि दशक संपायच्या आत मंडळीही थांबली. समोरच्या रस्त्याला चार्ल्स लडलमचं नाव दिलं गेलं.

'इर्मा व्हेप' मात्र थांबलं नाही. १९९१ मध्ये ते अमेरिकेत सर्वाधिक ठिकाणी सादर झालेलं नाटक होतं. ब्राझीलमध्ये मरिलिया पेरा यांनी ते १९८६ मध्ये बसवलं. मार्को नानिनी आणि ने लातोराका या दोघांनी अकरा वर्षं तेच नाटक केलं. १९९८ मध्ये क्विंटननं नवा जोडीदार घेऊन न्यूयॉर्कमध्ये पुन्हा लावलं. लडलमला न पाहिलेले, त्याचा आवाज न ऐकलेले नट आज ते करतात आणि ते चालतं.

मंडळी गेली आणि नाटक उरलं याचं श्रेय अनेक जण नाटकाच्या विनोदाला देतात. मला ते अपुरं वाटतं. 'गालास'मध्ये विनोद कमी नाही, 'कमिल'मध्ये तर दुःख त्याहून खोल आहे, आणि तरीही ती क्वचितच लागतात. त्यांना अजून लडलम लागतो, किंवा त्याच्या तोडीचा कुणी. 'इर्मा व्हेप' लिहिताना अडचणच अशी होती की प्रत्येक प्रवेश-प्रस्थान आधी कागदावर पक्कं करावं लागलं. जे एरवी तालमीत, नटांच्या अंगात राहिलं असतं, ते त्या वर्षी लेखनात उतरलं.

१९८९ मध्ये त्याची सगळी नाटकं एका खंडात आली. नाटक करणाऱ्यांनी त्यातलं 'इर्मा व्हेप' आणि 'कमिल' एकापाठोपाठ वाचावं. पहिल्यात रंगसूचना इतक्या बारीक आहेत की विंगेतल्या माणसांच्या हालचालीही दिसू लागतात. दुसऱ्यात मार्गरिट मरते त्या पानावर संवाद आहेत, पण लडलमनं त्या दोन ओळींच्या मधे किती वेळ थांबून प्रेक्षकांना हशातून रडण्याकडे नेलं, ते तिथे कुठेच लिहिलेलं नाही. 'कमिल' करायला घेणाऱ्या नटाला तो वेळ स्वतःच शोधावा लागेल, आणि मला वाटतं, त्यासाठी त्या बाईवर त्याचं खरोखर प्रेम असावं लागेल.